लिनक्सवर वाय-फाय लागत नाही? आधी या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि घरोघरचे धडधाकट पण जुने लॅपटॉप उबुंटू, मिंट, डेबियन या लिनक्सच्या प्रकारांकडे वळू लागले. चांगल्या मशीन भंगारात जाण्यापेक्षा हे केव्हाही उत्तम. पण जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की पहिली अडचण बरेचदा वाय-फायची येते. मग सापडेल ती कमांड टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चिकटवली जाते, ती चालली नाही की दुसरी. तासाभराने मूळ बिघाड कोणता आणि आपण वाढवलेला कोणता, हेच कळेनासं होतं.

नेट नसताना दुरुस्तीला बसणं

ड्रायव्हर (वाय-फाय कार्ड चालवणारा प्रोग्राम) उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा, इथेच अनेकजण अडकतात. अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्सवर यासाठी सहसा वेगळं काही टाकावं लागत नाही. फोन घरच्या वाय-फायवर असेल तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही.

कार्ड न ओळखता ड्रायव्हर टाकणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. लोक लॅपटॉपचं मॉडेल टाकून उपाय शोधतात, पण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची वाय-फाय कार्डं बसवलेली असू शकतात. म्हणून टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा आणि ‘नेटवर्क कंट्रोलर’ची ओळ शोधा. तिच्या शेवटाकडच्या चौकटी कंसात कोलनने जोडलेले दोन आकडे दिसतील. त्यातला पहिला कंपनी सांगतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी रिअलटेक, १६८सी अथेरॉस, १४ई४ ब्रॉडकॉम. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळच नसेल, तर कार्ड दिसतंय पण त्याला चालवणारं कोणी नाही असं समजा.

ब्रॉडकॉमचं बीसीएम ४३१४२ हे कार्ड घ्या, ओळख १४ई४:४३६५. ब्रॉडकॉम म्हटलं की जुन्या लेखांमध्ये ‘बी४३’ या ड्रायव्हरचं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) टाकायला सांगितलेलं असतं. त्या जुन्या कार्डांना ते लागू पडतंही, पण ४३१४२ ला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याला कंपनीचा ‘डब्ल्यूएल’ हाच ड्रायव्हर लागतो. डेबियनमध्ये त्याचं पॅकेज ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’, तर उबुंटूत ‘बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स’. उबुंटूचं ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ किंवा मिंटचं ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडलं तर तोच ड्रायव्हर सुचवला जातो. आधी तिथेच बघा, टर्मिनल नंतर.

हा ड्रायव्हर कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) भाग नाही, त्यामुळे प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो पुन्हा बांधावा लागतो. हे काम आपोआप होतं, पण त्या कर्नलची ‘हेडर्स’ (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइल) मशीनवर असतील तरच. अपडेटनंतर वाय-फाय अचानक गायब झालं तर पहिला संशय इथेच घ्या. सुरू होताना ग्रबच्या (कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. वाय-फाय परत आलं तर नव्या कर्नलची हेडर्स टाका.

दुसरी अडचण सिक्युअर बूटची, म्हणजे फक्त डिजिटल सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणाऱ्या सोयीची. ते चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही आणि ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा संदेश येतो. ड्रायव्हर टाकताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं. पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. तिथे ‘कंटिन्यू बूट’ दाबून पुढे जाऊ नका. ‘एनरोल एमओके’ (मशीनच्या मालकाची की नोंदवणं) निवडा आणि तोच पासवर्ड द्या. हा पडदा थोडा वेळच थांबतो, म्हणून रीस्टार्ट करताना समोर बसून राहा.

फर्मवेअर विसरणं

इंटेलच्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, तरी फर्मवेअरची फाइल वेगळी लागते. ‘सुडो डीएमईएसजी’ या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडच्या मजकुरात फर्मवेअर ‘फेल्ड विथ एरर -२’ दिसलं, तर ती फाइल सापडलेली नाही. डेबियन १२ पासून, म्हणजे जून २०२३ नंतर, अशी फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच मिळतात. त्यामुळे डेबियन ११ चा जुना पेनड्राइव्ह वापरत असाल तर तो बदला.

बंद स्विचला ड्रायव्हरचा दोष समजणं

वाय-फाय बंद केलेलं आहे का ते दाखवणारी ‘आरएफकिल लिस्ट’ ही कमांड चालवा. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने काम होतं. ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ असेल तर कमांडने ते सुटत नाही. लॅपटॉपच्या कडेचा स्विच किंवा विमानाचं चित्र असलेलं बटण तपासा. विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवले असतील तर विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा. त्यामुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि काही कार्डं लिनक्सला अर्धवट अवस्थेत मिळतात.

जोडलंय, पण साइट उघडत नाही

इथे ड्रायव्हरला हात लावू नका. आधी ‘पिंग’ कमांडने राउटरच्या पत्त्याकडून उत्तर येतं का बघा, मग इंटरनेटवरच्या १.१.१.१ या पत्त्याकडून, मग एखाद्या साइटच्या नावाने. पहिली दोन उत्तरं आली आणि नावालाच आलं नाही, तर बिघाड डीएनएसचा (साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा) आहे आणि तो कनेक्शनच्या सेटिंगमध्येच सुटतो.

तुटत राहणारं कनेक्शन

दर थोड्या वेळाने वाय-फाय मंदावत असेल तर पॉवर सेव्हिंग बंद करून बघा. नेटवर्क मॅनेजरच्या (लिनक्समध्ये नेट सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये ‘वायफाय.पॉवरसेव्ह’ची किंमत ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. बॅटरी थोडी जास्त जाईल, पण ऑनलाइन वर्ग किंवा मुलाखतीच्या वेळी ती किंमत मोजणं योग्यच.

शेजाऱ्यांची नेटवर्क दिसतात आणि आपलंच दिसत नाही, असं असेल तर राउटर बघा. बीसीएम ४३१४२ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला कधीच दिसणार नाही. २.४ वरही राउटर चॅनेल १२ किंवा १३ वर असेल आणि लॅपटॉपवर अमेरिकेचा देश-कोड लागलेला असेल, तर ते नेटवर्क यादीत येत नाही. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ने कोड तपासा, किंवा सरळ राउटरवर १, ६ किंवा ११ चॅनेल लावा.