फोनवर मराठी लिहायला काच बरी की कळा?

फोनवर रोज दोन-चार ओळींपेक्षा जास्त मराठी लिहिणाऱ्याला कधी ना कधी असे वाटतेच, की काचेवर अंगठे आपटत बसण्याऐवजी खऱ्याखुऱ्या कळांचा कीबोर्ड घ्यावा. पण या बाबतीत मिळणारे बहुतेक सल्ले इंग्रजी लिहिणाऱ्याला समोर ठेवून दिलेले असतात आणि मराठीला ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. इंग्रजीचे काम सव्वीस कळांत भागते. मराठीला स्वर, व्यंजने, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, विसर्ग आणि अक्षराचा पाय मोडण्याची खूण असा सगळा लवाजमा लागतो, आणि तो साठीच्या आसपास जातो. म्हणून काच की कळा हा प्रश्न सोडवण्याआधी आपण मराठी कोणत्या मांडणीने लिहिणार, हे ठरवावे लागते. ते ठरले की निम्मा निर्णय आपोआप होतो.

आधी मांडणी

बहुतेकांना ठाऊक असलेला मार्ग लिप्यंतराचा. रोमन अक्षरांत उच्चार टाइप करायचा आणि फोनने सुचवलेला देवनागरी शब्द निवडायचा. हा मार्ग शिकावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. दोष असा, की रोमन अक्षरांना ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’, ऱ्हस्व आणि दीर्घ यांतला फरक धड सांगता येत नाही. के, ए, एल ही तीन अक्षरे टाइप केली की ‘कल’, ‘काल’, ‘कळ’ आणि ‘काळ’ हे चारही शब्द दारात उभे राहतात आणि त्यांतला आपला कोणता, हे डोळ्यांनी पाहून निवडावे लागते. नेहमीच्या शब्दांना फोन सरावतो. आडनावे, गावांची नावे आणि बोलीतले शब्द आले की मात्र तो अडतो.

दुसरा मार्ग इन्स्क्रिप्टचा. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली ही मांडणी पुढे १९९१ च्या भारतीय मानकातही आली. डाव्या हाताकडे स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताकडे व्यंजने, अशी तिची साधी रचना आहे. ‘क’च्याच कळीवर शिफ्ट धरली की ‘ख’ उमटतो, ‘ग’च्या कळीवर ‘घ’. पाय मोडायचा असेल तर ‘डी’ची कळ. सुरुवातीचे काही आठवडे जड जातात, पण एकदा बोटांना वाट सापडली की जे हवे तेच उमटते आणि सूचनांच्या पट्टीकडे पाहावे लागत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द घ्या. इन्स्क्रिप्टमध्ये या दोहोंत एका शिफ्टचाच फरक आहे: ‘र’ची कळ नुसती दाबून पाय मोडला आणि पुढे ‘या’ लिहिले की समुद्राचा दर्या होतो, तीच कळ शिफ्टसह दाबली की डोंगरातल्या दऱ्या होतात. लिप्यंतरात दोहोंचे रोमन रूप एकच असल्यामुळे योग्य शब्द सूचनांत येण्याची वाट पाहावी लागते.

इन्स्क्रिप्टमध्ये कळा जास्त दाबाव्या लागतात, अशी एक समजूत आहे. ‘राष्ट्रीय’ हा जोडाक्षरांनी भरलेला शब्द मोजून पाहिला, तर इन्स्क्रिप्टमध्ये नऊ कळा आणि एकदा शिफ्ट लागते, आणि रोमन अक्षरांत लिहायलाही नऊच अक्षरे लागतात. मेहनत सारखीच. फरक एवढाच, की लिप्यंतरात शेवटी थांबून बरोबर शब्द आला का, हे पाहावे लागते.

याखेरीज केवळ काचेसाठीच बनलेल्या काही मांडण्या आहेत. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेल्या ‘स्वरचक्र’ या कीबोर्डात व्यंजनावर बोट ठेवले की त्याभोवती चक्रासारखी बाराखडी उघडते आणि बोट हव्या त्या दिशेला सरकवले की काना-मात्रेसह अक्षर उमटते. बाराखडी पाठ असलेल्या, पण टायपिंग कधीही न शिकलेल्या माणसाला ही पद्धत लवकर कळते. बोटाने काचेवर अक्षर काढून लिहिण्याची सोयही पुष्कळ फोनांत असते. ती संथ आहे, पण घरातल्या ज्येष्ठांना बहुधा तीच आवडते.

कळा असलेला फोन

एके काळी ब्लॅकबेरी आणि नोकियाचा ई-७१ यांसारख्या फोनांच्या छोट्या, फुगीर कळांवर लोक न पाहता भराभर इंग्रजी लिहीत. ते दिवस सरले. ब्लॅकबेरीच्या स्वतःच्या प्रणालीवर चालणाऱ्या फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाली. आज कळा असलेले फोन युनिहर्ट्झसारख्या मोजक्या कंपन्या बनवतात आणि आयफोनला चढवायचे क्लिक्स नावाचे कीबोर्डवाले कव्हर २०२४ पासून मिळू लागले आहे. इंग्रजी ईमेलचा डोंगर उपसणाऱ्याने यांचा विचार जरूर करावा.

मराठीसाठी मात्र मी हा मार्ग सुचवणार नाही. इन्स्क्रिप्टमध्ये ‘च’ अर्धविरामाच्या कळीवर आहे, ‘ट’ अवतरणचिन्हाच्या, ‘ड’ चौकटी कंसाच्या, ‘य’ तिरक्या रेघेच्या आणि ‘कॉलेज’मधला ‘ॉ’ उलट्या तिरक्या रेघेच्या कळीवर. संगणकाच्या कीबोर्डावर या कळा उजव्या कडेला निवांत बसलेल्या असतात. फोनच्या तीन ओळींच्या चिमुकल्या कीबोर्डावर त्यांना स्वतंत्र जागाच नसते. मग उरते फक्त लिप्यंतर, आणि त्यासाठी सूचना निवडायला बोट पुन्हा काचेवरच न्यावे लागते. २००७ च्या जानेवारीत आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्स यांनी हाच मुद्दा मांडला होता, की प्लास्टिकच्या कळा एकदा बसवल्या की गरज असो वा नसो, त्या तिथेच राहतात. इंग्रजीपुरते ते म्हणणे वादाचे ठरले असेल. साठ चिन्हांच्या लिपीला मात्र ते नेमके लागू पडते, कारण काच क्षणात आपला चेहरा बदलून पूर्ण वर्णमाला दाखवू शकते.

बाहेरून जोडायचा कीबोर्ड

खरी निवड उरते ती काच आणि ब्लूटूथने किंवा वायरने जोडलेला पूर्ण आकाराचा कीबोर्ड यांत. येथे पैसे खर्च करण्याआधी एक काम करावे. घरातल्या किंवा कार्यालयातल्या संगणकाचा साधा यूएसबी कीबोर्ड घ्यावा, ओटीजी जोडणीने, म्हणजे फोनला यूएसबीची साधने लावू देणाऱ्या छोट्या जोडतारेने, तो फोनला लावावा आणि मराठी उमटते का, ते पाहावे. फोनच्या सेटिंग्जमध्ये भाषा व कीबोर्डाच्या भागात बाहेरच्या, म्हणजे फिजिकल, कीबोर्डाची मांडणी निवडण्याची वेगळी जागा असते. काचेवरच्या कीबोर्डात मराठी निवडलेली असली, तरी ती निवड बाहेरच्या कीबोर्डाला आपोआप लागू होईलच असे नाही. त्या यादीत देवनागरी किंवा मराठी नसेल, तर बाहेरच्या कीबोर्डासाठी मराठी मांडणी देणारे एखादे ॲप बसवून पाहावे. तेही जमले नाही, तर त्या फोनला महागडा कीबोर्ड जोडून मराठीच्या बाबतीत काहीही पदरात पडणार नाही. ही चाचणी फुकट आहे आणि ती न केल्याचा पश्चात्ताप मी स्वतः केलेला आहे.

झाले असे, की आमच्या सोसायटीच्या सभांचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि तीन-चार पानांचा मजकूर काचेवर लिहून अंगठ्यांच्या मुळाशी कळ येऊ लागली. (कीबोर्डाच्या कळेपेक्षा ही कळ निराळी, हे लिप्यंतराच्या कीबोर्डाला कधीच समजत नाही.) म्हणून मी खिशात मावणारा, घडी घालता येणारा एक कीबोर्ड मागवला. घरी आल्यावर कळले, की जागा वाचवण्यासाठी त्यात उजव्या कडेच्या कळा गाळून त्यांची चिन्हे दुसऱ्या कळीबरोबर दाबायच्या जोडीत ढकलली होती. त्यामुळे ‘ड’ लिहायला दोन कळा आणि ‘ढ’ लिहायला तीन कळा एकदम दाबाव्या लागत. वाहनतळाच्या वादावर चाललेल्या सभेच्या इतिवृत्तात ‘गाडी’ हा शब्द किती वेळा येतो, ते सांगायला नको. तो कीबोर्ड आता धूळ खात पडला आहे.

तेव्हा कीबोर्डाचे छायाचित्र पाहताना रंग आणि जाडी यांच्याआधी उजवी कड पाहावी: ‘एल’च्या पुढे दोन आणि ‘पी’च्या पुढे तीन स्वतंत्र कळा असल्याच पाहिजेत, आणि दोन्ही बाजूंना पुरेशी रुंद शिफ्ट हवी. कळांवर देवनागरी छापलेली नसली तरी बिघडत नाही, देवनागरीचे स्टिकर मिळतात आणि महिन्याभरात त्यांचीही गरज उरत नाही. फोन उभा ठेवायला टेकू लागतो, तो विसरू नये. ब्लूटूथची जोडणी एकदाच करावी लागते. फोनने अंक दाखवला, तर तो कीबोर्डावर टाइप करून एंटर दाबायचे असते, आणि नवा माणूस हमखास येथे अडतो, कारण तो अंक फोनवरच कुठेतरी भरायचा आहे असे त्याला वाटते.

वेगाची अपेक्षा किती ठेवावी

२०१९ साली सदतीस हजार जणांच्या फोनवरील टायपिंगचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मिनिटाला सरासरी ३६ शब्दांचा वेग आढळला. संगणकाच्या कीबोर्डावरचा वेग याहून जास्त असला, तरी दोहोंतले अंतर लोक समजतात तेवढे नाही, असे त्या अभ्यासातून दिसले. दोन्ही अंगठे वापरणारे एका बोटाने लिहिणाऱ्यांपेक्षा पुढे होते. आपोआप होणाऱ्या दुरुस्तीचा वेगाला फायदा झाला, उलट सुचवलेले शब्द निवडत बसणारे मागे पडले. हे आकडे मराठीचे नाहीत, पण शेवटची गोष्ट लिप्यंतराने मराठी लिहिणाऱ्याने मनावर घ्यावी, कारण त्याचे सगळे लेखनच सूचनांवर उभे असते.

यातून काचेवरच राहणाऱ्यासाठी तीन कामे निघतात. फोन दोन्ही हातांत धरून दोन अंगठ्यांनी लिहायची सवय करावी, वारंवार लागणारी नावे फोनच्या वैयक्तिक शब्दकोशात घालावीत, आणि लिप्यंतरावर समाधान नसेल तर काचेवरच इन्स्क्रिप्ट सुरू करून पाहावे. ही मांडणी काचेवर शिकली, तर पुढे कीबोर्ड घेतल्यावर ती तशीच उपयोगी पडते.

वेगापेक्षाही पुष्कळांचा निर्णय हातांवर ठरतो. फोनची काच बोटाच्या विद्युत गुणधर्मावर चालते. शेतात किंवा कारखान्यात राबून घट्टे पडलेली कोरडी बोटे तिला नीट कळत नाहीत, आणि पावसात काचेवर थेंब पडले की नको तिथे अक्षरे उमटतात. हात कापणाऱ्या माणसाचा अंगठाही शेजारच्या अक्षरावर जातो. अशा सगळ्यांना कळ दाबल्याचा स्पर्श मोठा आधार वाटतो आणि त्यांनी थोडेच लिहायचे असले तरी कीबोर्ड वापरून पाहावा. उलट लोकलमध्ये एका हाताने कडी धरून लिहिणाऱ्याला कीबोर्डाचा काडीचा उपयोग नाही, त्याने काच आणि बोलून लिहिण्याची सोय यांवरच भर द्यावा. बोलून लिहिलेले मात्र पाठवण्याआधी वाचावे, विरामचिन्हे आणि अनुस्वार तिथे हमखास सांडतात.

आपले कोणते, हे ठरवायला अर्धा तास पुरतो. ‘वाऱ्यावर’, ‘क्षण’, ‘ज्ञानेश्वर’, ‘दुःख’, ‘कृष्णा’, ‘बँक’, ‘ॲप’, ‘कॉलेज’, ‘खळखळ’ आणि ‘राष्ट्रीय’ हे शब्द ज्यात येतात, असा आठ-दहा ओळींचा मजकूर कागदावर लिहून घ्यावा, तो आधी काचेवर आणि मग ओटीजीने लावलेल्या कीबोर्डावर टाइप करावा, आणि दोन्ही वेळा घड्याळाबरोबरच खोडण्याची कळ किती वेळा दाबली, तेही मोजावे. इन्स्क्रिप्ट नवी असेल, तर ही तुलना तीन आठवड्यांच्या सरावानंतर करावी, नाहीतर पहिल्याच दिवशी काच जिंकेल. मी स्वतः आता संदेश काचेवर लिप्यंतराने लिहितो, आणि इतिवृत्ताच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर फोन स्टीलच्या डब्याला टेकवून, जुन्या संगणकाचा वायरवाला कीबोर्ड त्याला जोडून बसतो.