माळावर उतरणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांसाठी शेत कसं राखावं

आमच्या इंदापूर तालुक्यात स्थलांतरित पक्षी म्हटलं की सगळ्या गाड्या भिगवणकडे वळतात. उजनीच्या पाण्यावर रोहित येतात, ते बघण्यासारखे असतातच. पण पाण्याशी देणंघेणं नसलेले कितीतरी पक्षी त्याच दिवसांत माळावर, पडीक रानात आणि बांधावरच्या बोरी-बाभळींत उतरतात. भोरड्या (गुलाबी मैना), भारीट, रणगोजे, तिरचिमण्या, धोबी, भोवत्या. काही इथेच हिवाळा काढतात, काही चार दिवस पोट भरून पुढे जातात. त्यांना उतरायला जागा राहते की नाही, हे आपल्यासारख्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या हातात आहे. म्हणून हे लिहितेय.

बहुतेक छोटे पक्षी रात्री उडतात. अंगात साठवलेली चरबी जाळत उडायचं, ती संपत आली की पहाटे खाली उतरायचं, किडे-बिया खाऊन पुन्हा चरबी चढवायची आणि निघायचं. अमूर ससाणा सायबेरिया आणि उत्तर चीनकडून आफ्रिकेला जाताना नागालँडमध्ये दोयांग जलाशयापाशी थांबतो, उडणारी वाळवी खाऊन तयार होतो आणि मग भारत ओलांडून सरळ अरबी समुद्रावर झेपावतो. २०१२ मध्ये तिथे हजारो ससाणे जाळ्यांत धरून मारले जात होते. २०१३ पासून गावांनीच शिकार थांबवली. गावानं मनावर घेतलं तर एका हंगामात फरक पडतो, हे मला तिथून कळलं.

आता कामाचं.

तारखा आधी ध्यानात ठेवा. ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत येणं, मार्च-एप्रिलमध्ये परतणं. नेमकी याच दोन वेळी आपण रान साफ करतो.

बांध तासू नका. बोर, बाभूळ, हिवर, तरवड, नेपती, जे आपोआप उगवलंय ते राहू द्या. शोभेची झाडं आणून लावण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं. सकाळी सात-आठच्या सुमारास एखाद्या जुन्या बाभळीखाली गप्प उभं राहून बघा. मुठीएवढासुद्धा नसलेला, राखी डोक्याचा, पांढऱ्या गळ्याचा शुभ्रकंठी वटवट्या पानापानांतून फिरत असतो. पानाची खालची बाजू तपासतो, किडा टिपतो, पुढच्या डहाळीवर जातो. काट्यांमुळे शिक्रा हा शिकारी पक्षी सहजी आत घुसत नाही. खायला आणि लपायला एकाच झाडात मिळतं.

माळावर वृक्षारोपण करू नका. हे मी ग्रामसभेतही बोलते आणि लोक नाराज होतात. पण मारवेल, कुसळी, डोंगरी गवताचा माळ हा ओसाड नाही, तोच तर अधिवास आहे. भोवत्या पक्षी रात्री उंच गवतात जमिनीवर बसून झोपतात, झाडावर नाही. आखूड कानांचं घुबडही दिवसा गवतातच दबून असतं. तिथे ओळीनं खड्डे घेऊन गिरिपुष्प लावलं की काही वर्षांत सावली होते, गवत मागे हटतं आणि हे पक्षी जागा सोडतात. झाडं लावायची हौस असेल तर घराभोवती, रस्त्याकडेला लावा. चराई बंद करायची गरज नाही. माळाचे तीन-चार भाग पाडा आणि एक भाग दिवाळीपर्यंत न चारता ठेवा. वणवा मात्र अजिबात नको.

भोरड्यांबद्दल शेतकऱ्याचा राग मला समजतो. हुरड्यात आलेल्या ज्वारीवर थवा पडला की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवावीच लागते, आम्हीही फिरवतो. राखण जरूर करा, पण विष आणि जाळं नको. हाच पक्षी नाकतोडे आणि अळ्या प्रचंड खातो. चीनच्या शिनजियांग भागात टोळांवर उपाय म्हणून त्याच्यासाठी मुद्दाम दगडांची घरटी उभारतात. आपणही हरभऱ्यात एकरी २० पक्षीथांबे लावावेत. पिकापेक्षा हात-दीड हात उंच, इंग्रजी टी अक्षरासारखी साधी काठी पुरते. घाटेअळी मीटरभर ओळीत एक-दोन दिसेपर्यंत फवारणीची घाई करू नका. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचं आमिष लावण्याआधीही विचार करा, कारण ते विषारी दाणे दाणे टिपणारे पक्षीही खाऊ शकतात.

पाणी उथळ हवं. मातीची परात घ्या, दोन बोटं पाणी, मध्ये दोन-तीन दगड. ती झुडपापासून चार-पाच पावलं लांब ठेवा, म्हणजे मांजर दबा धरून बसणार नाही. रोज धुवा. शेततळ्याचं मात्र वेगळं आहे. प्लॅस्टिकचा कागद गुळगुळीत, उतार तीव्र. पाण्याला टेकलेला पक्षी घसरला की बाहेर निघत नाही. चारही बाजूंना काठावरून पाण्यात जाईल असं जुनं गोणपाट सोडा आणि वर खुंटीला पक्कं बांधा. खारी, सरडे, कधी सापसुद्धा त्यावरून चढून येतात.

द्राक्ष-डाळिंबावरची नायलॉन जाळी ताणून बांधा. सैल, बारीक धाग्याच्या जाळीत पाय अडकतात. अडकलेला दिसला तर अंगावर फडकं टाकून हलक्या हातानं धरा आणि धागा कात्रीनं कापा, ओढू नका. खळ्यावरचा हॅलोजन या महिन्यांत रात्रभर जळत ठेवू नका. उजेडानं रात्री उडणारे पक्षी भरकटतात.

कोण आलं ते तारखेसह लिहून ठेवा, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलंत तर उत्तमच. सप्टेंबर-ऑक्टोबरात तारेवर नीलपंख बसला असेल तर छाती नीट बघा. आपल्याकडच्या नीलपंखाची छाती तपकिरी असते. डोक्यापासून पोटापर्यंत सगळा फिकट निळा असेल तर तो युरोपियन नीलपंख, आफ्रिकेच्या वाटेवरचा. कच्छ-राजस्थानात जास्त दिसतो, आपल्याकडे कधीमधी.

परतीच्या वेळी पळस, पांगारा, सावर फुललेली असते. भोरड्यांचे थवे मधासाठी त्यावर तुटून पडतात, तेव्हा सरपणासाठी ही झाडं तोडू नका. काढणीनंतरचं ज्वारीचं धसकट लगेच पेटवू नका, सांडलेल्या दाण्यांवर भारीट चरत असतात. नांगरट एप्रिल संपताना केली तरी मृगाच्या आधी रान तापायला पुरेसा वेळ मिळतो.