अननस निवडताना, कापताना आणि खाताना या चुका टाळा

कच्चा अननस चार दिवस घरात ठेवला की पिकून गोड होईल, ही सर्वांत महागात पडणारी समजूत. आंबा, केळी झाडावरून उतरवल्यावरही पिकतात, कारण त्यांच्या गरात साठलेल्या पिष्टाची पुढे साखर होते. अननसात असा साठा नसतो. त्याला साखर झाडाकडूनच मिळते आणि फळ तोडलं की ती बंद होते. ठेवून दिल्यावर साल पिवळी पडेल, गर मऊ पडेल, पण गोडी वाढणार नाही. म्हणून काय पारखायचं ते घेतानाच.

नुसत्या रंगावर जाऊ नका. काही अननस बाहेरून हिरवट असूनही आत छान पिकलेले असतात. शेंड्याचं पान सहज उपटून येतं का, ही परीक्षाही भरवशाची नाही. त्यापेक्षा फळ उलटं करून बुडाचा वास घ्या. गोड वास आला तर उत्तम, वासच नसेल तर फळ बहुधा लवकर तोडलेलं आहे, आणि आंबूस, दारूसारखा वास आला तर आत आंबायला लागलंय. एकाच आकाराच्या दोन फळांतलं हाताला जड लागेल ते रसाळ. बुडाला बुरशी किंवा ओल दिसली तर सोडून द्या.

अख्खा अननस फ्रिजमध्ये ठेवणं ही दुसरी नेहमीची चूक. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली तो फार काळ राहिला तर थंडी बाधते आणि गर आतून तपकिरी पडतो. अख्खं फळ बाहेर सावलीत ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. कापलेल्या फोडी मात्र झाकणाच्या डब्यात घालून लगेच फ्रिजमध्ये जायला हव्यात. तीन-चार दिवस टिकतात.

कापताना डोळे जावेत म्हणून जाड साल काढली जाते आणि चांगला गर फुकट जातो. साल पातळ काढा. मग दिसेल की डोळे तिरक्या रांगांत बसलेले आहेत. त्या रांगेच्या दोन्ही बाजूंनी सुरी तिरकी चालवून खाच काढली की एकेक रांग निघून येते. आणखी एक गोष्ट: बुडाकडचा भाग आधी पक्व होतो, त्यामुळे तो जास्त गोड असतो. आडव्या चकत्या वाटल्या तर एकाला गोड आणि दुसऱ्याला आंबट मिळते. उभ्या फोडी केल्या की गोडी सगळ्यांना सारखी.

खाल्ल्यावर जीभ चुरचुरते, तो फळाचा दोष नव्हे. अननसात ब्रोमेलिन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं, आंबटपणा असतो आणि सुईसारखे बारीक स्फटिकही असतात. फार चुरचुरत असेल तर फोडी तव्यावर परतून घ्या. उष्णतेनं विकर निकामी होतं.

हेच विकर स्वयंपाकात घोटाळे करतं. जिलेटिन हे प्रथिनच, म्हणून न शिजवलेल्या ताज्या फोडी घातलेली जिलेटिनची जेली कितीही वेळ ठेवा, सेट होत नाही. दुधात किंवा दह्यात कालवून ठेवलेला ताजा अननस काही वेळानं कडवट लागतो. मांस मुरवताना रात्रभर रस लावून ठेवला तर त्याचा लगदा होतो, अर्धा तास पुष्कळ. जेलीसाठी फोडी आधी शिजवा किंवा डबाबंद वापरा, कारण त्या डबाबंद करताना तापवलेल्या असतात. जिलेटिनऐवजी अगर-अगर (समुद्री शेवाळापासून बनणारा, प्रथिन नसलेला जेलीचा पदार्थ) घेतलं तर ताज्या फोडीही चालतात.

आता फायद्याचं. १०० ग्रॅम अननसात साधारण ५० कॅलरी आणि ४८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, मँगनीजही भरपूर. मात्र साखर सुमारे १० ग्रॅम असते. रस गाळला की चोथा जातो आणि एका ग्लासात कितीतरी फळाची साखर पटकन पोटात जाते, म्हणून फोडीच खाव्यात. अननस चरबी वितळवतो हा दावा मनावर घेऊ नका. ते विकर प्रथिनं तोडतं, चरबी नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ब्रोमेलिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. रबरी हातमोज्यांची किंवा फुग्यांची ॲलर्जी असलेल्या काहींना अननसही सोसत नाही. ओठ सुजले किंवा अंगावर गांधी उठल्या तर खाणं थांबवून डॉक्टरांना दाखवा, आणि श्वास घ्यायला त्रास होत असेल तर तडक रुग्णालय गाठा.