अँड्रॉइड स्टुडिओत फॉन्ट बदलूनही फरक पडत नसेल तर

अँड्रॉइड स्टुडिओत, म्हणजे ॲप लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मालवणच्या होमस्टेंसाठी ॲप करतोय. मेन्यूच्या फाइलमध्ये ‘सोलकढी’, ‘कोळंबीचं सुकं’ असं मराठी भरपूर. सेटिंग्जमधल्या एडिटर → फॉन्टमध्ये काहीही निवडा, पडदा ढिम्म. आकारसुद्धा तोच. रीस्टार्ट केलं, फॉन्ट पुन्हा टाकला. नुसता डोक्याला ताप.

कलर स्कीमचा (एडिटरच्या रंगसंगतीचा) स्वतःचा फॉन्ट चालू असेल तर तोच वरचढ ठरतो. म्हणून आधी सेटिंग्ज → एडिटर → कलर स्कीम → कलर स्कीम फॉन्ट इथे जाऊन ‘यूज कलर स्कीम फॉन्ट’वरची टिक काढा, अप्लाय करा. मग एडिटर → फॉन्ट. मुख्य फॉन्ट जेटब्रेन्स मोनोच ठेवा. त्यात देवनागरी नाही, म्हणून टायपोग्राफी सेटिंग्ज उघडून फॉलबॅकला (मुख्य फॉन्टमध्ये अक्षर नसेल तेव्हा वापरायच्या फॉन्टला) नोटो सान्स देवनागरी द्या. ओळीची उंची १.४ करा, नाहीतर ‘कोळंबी’चा अनुस्वार वरच्या ओळीला चिकटतो.

कन्सोल (प्रोग्रॅमचं आउटपुट दिसतं तो भाग) जुन्याच फॉन्टमध्ये दिसला तर कलर स्कीमखालच्या ‘कन्सोल फॉन्ट’मधली टिकही काढा.