आधी वाट, मग गाडी: गल्लीतल्या पार्किंगचा प्रश्न रहिवाशांनी कसा हाताळावा

इंदुरात राजवाड्याच्या आसपास, मल्हारगंजात, रामबागेत किंवा जुनी इंदूर भागात ज्यांचे घर आहे, त्यांना गाडीच्या जागेवरून होणारी भांडणे सांगायला नकोत. ही भांडणे बहुतेक वेळा "माझ्या दारासमोर तुमची गाडी का?" या वाक्याने सुरू होतात आणि त्याच वाक्यापाशी अडकून बसतात. माझे म्हणणे असे आहे की गाड्या कुठे लावायच्या हे ठरवण्याआधी गल्लीत किती वाट कायम मोकळी राहिली पाहिजे हे ठरवावे, आणि उरलेल्या जागेचीच वाटणी करावी. हा क्रम उलटा झाला की जो आधी येतो त्याची जागा होते आणि वाट कोणाचीच राहत नाही.

आमच्या गल्लीत ही गोष्ट आम्हाला एका रात्री कळली. शेजारच्या आजींना छातीत दुखू लागले म्हणून १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका वेळेवर आली, पण गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या एका मोटारीमुळे आत शिरू शकली नाही. आम्ही चौघांनी स्ट्रेचर उचलले. एका ठिकाणी दोन स्कूटरच्या हँडलांमधून ते पुढे जाईना, आणि दोन्ही गाड्यांना हँडल लॉक होते. शेवटी एक स्कूटर तशीच उचलून एका ओट्यावर ठेवावी लागली. आजी सुखरूप घरी आल्या. मात्र त्या रात्रीची ती काही मिनिटे आमच्यापैकी कोणी विसरलेले नाही, आणि पुढचे सगळे काम त्यातूनच सुरू झाले.

मोजपट्टी, खडू आणि एक वही

पहिले काम मोजणीचे आहे. लोखंडी मोजपट्टी घेऊन गल्लीची रुंदी तीन ठिकाणी घ्यावी: तोंडाशी, सर्वांत अरुंद जागी आणि वळणावर. भिंतीपासून भिंतीपर्यंतचे माप फसवे असते. ओटे, पायऱ्या, नळाचे चबुतरे, विजेचे खांब आणि कूलरचे स्टँड वगळून जी जागा उरते तीच खरी रुंदी. आमच्याकडे कागदावर बारा फुटांची म्हणून ओळखली जाणारी गल्ली एका वाड्याच्या पायऱ्यांपाशी जेमतेम नऊ फूट भरली.

आता या मापांचा अर्थ लावू. सामान्य स्कूटर लांबीला सुमारे १.८ मीटर आणि हँडलपाशी सुमारे ०.७ मीटर असते. छोटी मोटार आरसे दुमडून दीड ते पावणेदोन मीटर रुंद असते. मोठी रुग्णवाहिका सुमारे २ मीटर आणि अग्निशमन दलाचा मोठा बंब अडीच मीटरच्या आसपास रुंद असतो. स्ट्रेचर स्वतः दोन फुटांच्या आतबाहेर असले, तरी ते धरून चालणाऱ्या माणसांसाठी एक मीटर सलग वाट लागते आणि वळणावर त्याहून बरीच जास्त, कारण स्ट्रेचरची लांबी जवळपास २ मीटर असते. म्हणून साडेतीन मीटरच्या गल्लीत भिंतीला चिकटून एक मोटार उभी केली तरी उरणाऱ्या जागेतून रुग्णवाहिका जात नाही. साडेचार मीटरच्या गल्लीत एकाच बाजूला मोटारी ठेवल्या तर ती जाते, बंब मात्र तिथेही अडचणीतच येतो. या हिशेबाने माझे मत स्पष्ट आहे की चार मीटरपेक्षा कमी रुंदीच्या गल्लीत मोटार उभी करूच नये, मग ती कोणाचीही असो आणि कितीही वर्षे तिथे उभी राहत आलेली असो.

दुचाकींच्या बाबतीत एक समजूत सगळीकडे आहे की गाडी तिरकी लावली म्हणजे जागा वाचते. पंचेचाळीस अंशांत लावलेली स्कूटर जवळजवळ आडव्या स्कूटरइतकीच वाट खाते, कारण तिची लांबी आणि हँडलची रुंदी दोन्ही रस्त्यावर येतात. खरा फरक पडायला गाडी तीस अंशांच्या आसपास, म्हणजे भिंतीकडे बरीच झुकवून लावावी लागते. तशी लावली तर सुमारे दीड मीटर वाट जाते, आणि भिंतीला समांतर लावली तर फक्त पाऊण मीटर. समांतर रांगेत गाड्या कमी मावतात, हे खरे. म्हणून जिथे गल्ली रुंद आहे तिथे आडव्या आणि जिथे अरुंद आहे तिथे समांतर, असे टप्पे पाडावे लागतात. साइड स्टँडवर कललेली गाडी मेन स्टँडवरच्या गाडीपेक्षा जास्त जागा घेते, एवढी साधी गोष्ट सर्वांनी पाळली तरी दहा गाड्यांमागे एकदोन गाड्यांची जागा निघते.

मोजणी झाल्यावर गाड्या मोजाव्यात, आणि त्या दोन वेळा मोजाव्यात: एकदा रात्री अकरानंतर, एकदा कामाच्या दिवशी दुपारी. रात्रीच्या गाड्या रहिवाशांच्या असतात. दुपारच्या गाड्या बाजारात आलेल्यांच्या, दुकानांतल्या नोकरांच्या, गोदामात माल उतरवणाऱ्या लोडिंग रिक्षांच्या. दोन्हींचा उपाय वेगळा असल्यामुळे दोन्हींची यादी वेगळी असावी. सराफ्याजवळच्या गल्ल्यांत हा हिशेब आणखी एकदा करावा लागतो, कारण तिथे दिवसा दागिन्यांचा बाजार असतो आणि दुकाने मिटल्यावर खाण्याच्या पदार्थांचा. त्यामुळे बाहेरच्या गाड्यांची गर्दी तिथे रात्रीच वाढते. वहीत गाडीचा क्रमांक, घर किंवा दुकान आणि ती रोज हलते की नाही एवढेच लिहावे. चाकांतली हवा गेलेल्या, काचेवर धूळ साचलेल्या ज्या गाड्या महिनोन्महिने हललेल्या नाहीत, त्या या वहीतूनच नजरेस येतात. आमच्या गल्लीत अशा दोन मोटारी निघाल्या, आणि त्या गेल्यावर निम्मी कुरबूर आपोआप थांबली.

बोलणी

बैठक घेण्याआधी घरोघरी जावे. दहा जणांसमोर कोणाला "तुमची गाडी आडवी असते" असे सांगितले की तो माणूस आपली बाजू लढवायला लागतो. तेच त्याच्या ओट्यावर बसून, "काका, रात्री गाडी भिंतीला जरा टेकवून घ्याल का, आमच्या भिंतीवरचा कूलर मी वर उचलून घेतो," असे म्हटले तर बहुतेक वेळा होकार मिळतो. स्वतःकडून काहीतरी सोडून मग मागावे. ज्याने स्वतःच्या दारासमोरच्या कुंड्या उचलल्या नाहीत त्याने दुसऱ्याच्या मोटारीबद्दल बोलू नये.

कुंड्या, सिमेंटचे ठोकळे, साखळ्या, टायर ठेवून दारासमोरची जागा अडवण्याची सवय फार जुनी आहे आणि ती मोडल्याशिवाय काहीच मार्गी लागत नाही. आपल्या घरात जाण्यायेण्याची वाट कोणी अडवू नये हा आपला हक्क आहे. घरासमोरच्या सार्वजनिक रस्त्यावर आपलीच गाडी उभी राहावी असा हक्क मात्र कोणालाही नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच निम्मी भांडणे होतात.

बैठकीत जे ठरेल ते एका पानावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. वळणाच्या दोन्ही बाजूंना तीन मीटर काहीही उभे करायचे नाही. गल्लीच्या तोंडाशी मोटार नाही. जिन्याच्या तोंडाशी आणि वाड्याच्या दिंडी दरवाज्यात दुचाकी नाही. हे शेवटचे कलम लोकांना किरकोळ वाटते, म्हणून त्याचे कारण सांगावे: मे २०२२ मध्ये विजय नगर भागातल्या स्वर्णबाग कॉलनीत इमारतीखाली उभ्या दुचाकीला लावलेली आग पसरून ७ जणांचा जीव गेला. गाडीच्या टाकीत पेट्रोल असते आणि जिना हीच बाहेर पडण्याची एकमेव वाट असते. हँडल लॉकबद्दल आम्ही बराच खल केला. चोरीची भीती खरी असल्यामुळे लॉक काढा असे सांगता येत नाही. त्यावर मार्ग असा निघाला की अरुंद टप्प्यात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक गाडीची जादा चावी समोरच्या घरी ठेवायची आणि सर्वांचे फोन क्रमांक गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असावेत.

वेळांचाही विचार करावा. सकाळी महापालिकेची कचरागाडी येते तेव्हा ती शेवटच्या घरापर्यंत गेली पाहिजे. ती तोंडाशीच थांबली तर म्हाताऱ्या माणसांना ओला आणि सुका कचरा उचलून चालत यावे लागते. स्वच्छतेत २०१७ पासून वर्षानुवर्षे देशात पहिला क्रमांक मिळवणाऱ्या या शहरात गाडी न शिरल्यामुळे कचरा गल्लीच्या टोकाला साचावा, हे इंदूरकराला लागते. बैठकीत हा मुद्दा मांडला की जे लोक पार्किंगवर गप्प बसतात तेही बोलू लागतात. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो, त्या वेळेसाठीही एक ओळ लिहून ठेवावी. लग्नाचा मांडव घालायचा असेल तर किमान एक मीटर वाट सोडून घालावा.

१९१८ साली स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी इंदूरच्या नगररचनेचा अहवाल तयार केला, तेव्हा जुन्या वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यापेक्षा थोडेथोडे अडथळे दूर करून मोकळीक निर्माण करावी असाच त्यांचा आग्रह होता. शंभर वर्षांनंतर मोटारी वाढल्या, पण गल्लीच्या पातळीवर उपाय तोच लागू पडतो असा माझा अनुभव आहे.

ज्या मोटारी मावत नाहीत त्यांचे काय

काही मोटारी गल्लीत मावणारच नाहीत, आणि हे बैठकीत कोणी तरी उघडपणे म्हणावे लागते. त्यांच्यासाठी जवळचे सशुल्क वाहनतळ पाहावेत. राजवाडा भागात सुभाष चौकातला बहुमजली वाहनतळ आहे. तिथे मासिक पास मिळतो का हे एकट्याने विचारण्यापेक्षा आठदहा मोटारमालकांनी मिळून विचारावे. याशिवाय शाळा, मंगल कार्यालये, संध्याकाळी बंद होणारी कार्यालये यांची आवारे रात्री रिकामी असतात. रात्री नऊ ते सकाळी सात अशी वेळ, ठरावीक मासिक रक्कम आणि चौकीदाराकडे गाड्यांची यादी, असा लेखी करार करायला अनेक संस्था तयार होतात, कारण त्यांनाही त्यातून उत्पन्न मिळते. इमारतीच्या मंजूर नकाशात पार्किंग म्हणून दाखवलेली जागा दुकान किंवा गोदाम म्हणून वापरली जात असेल, तर मालकाशी बोलणे झाल्यावर महापालिकेच्या झोन कार्यालयात लेखी तक्रार करावी. हे काम वेळखाऊ असते, पण गल्लीला मिळणारी सर्वांत मोठी जागा बऱ्याचदा तीच असते.

ऐकतच नसेल तर

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात असे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ नुसार सार्वजनिक ठिकाणी धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने वाहन उभे ठेवता येत नाही. कलम १२७ नुसार दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस सोडलेले किंवा मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन गणवेशातील पोलीस अधिकारी उचलून नेण्याचा किंवा त्याला जॅमर लावण्याचा आदेश देऊ शकतो, आणि उचलण्याचा खर्च मालकाकडून घेतला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या प्रत्येक वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. २०१७ च्या वाहन चालन विनियमांनुसार वळणावर, पदपथावर किंवा एखाद्या जागेच्या प्रवेशद्वारात अडथळा होईल असे वाहन उभे करता येत नाही. त्यामुळे फाटकावर "नो पार्किंग" लिहिलेले नसले तरी फाटक अडवणे हा नियमभंगच ठरतो.

तक्रार करताना फोटो असा काढावा की त्यात गाडीचा क्रमांक, मागे ओळखू येणारे घर आणि जमिनीवर पसरलेली मोजपट्टी तिन्ही दिसतील. "रस्ता अडवला आहे" या वाक्यापेक्षा "फक्त ७० सेंटिमीटर वाट उरली आहे" हे वाक्य अधिक काम करते. उभ्या गाड्यांची तक्रार वाहतूक पोलिसांकडे, अतिक्रमणाची आणि बंद पडलेल्या दिव्यांची महापालिकेच्या इंदूर ३११ ॲपवर, आणि दोन्हींकडून काही झाले नाही तर सीएम हेल्पलाइन १८१ वर नोंदवावी. १८१ वरची तक्रार एका पातळीवर सुटली नाही तर वरच्या पातळीवर जाते. तेव्हा काम प्रत्यक्ष झाल्याशिवाय फोनवर समाधान झाल्याचे सांगू नये, नाही तर ती तिथेच बंद होते. मंगळवारी जिल्हाधिकारी कार्यालयात जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकण्याची बैठक, असते. तिथे एकट्याने न जाता सह्यांचे पत्र, मोजमापाचा नकाशा आणि फोटो घेऊन तीनचार घरांतल्या लोकांनी मिळून जावे. वाट कायमची अडवली गेली असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी अडथळा दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. रुग्णवाहिका किंवा बंब अडकला असेल तर मात्र तक्रारीची वाट न पाहता ११२ ला फोन करावा.

रागाच्या भरात दुसऱ्याच्या गाडीची हवा काढू नये. त्यामुळे नुकसान केल्याचा गुन्हा आपल्यावर येऊ शकतो, आणि हवा गेलेली गाडी वेळ आली तर ढकलताही येत नाही, म्हणजे अडलेली वाट आपणच आणखी घट्ट अडवलेली असते.

ठरलेल्या रेषा आधी चुन्याच्या फक्कीने आखाव्यात. पंधरा दिवस लोक गाड्या लावून पाहतात, कुठे दार उघडत नाही, कुठे लोडिंग रिक्षा वळत नाही हे कळते, आणि रेषा दोनतीनदा सरकतात. त्या स्थिरावल्यावर पक्क्या पट्ट्यांसाठी पार्षदांमार्फत (नगरसेवकांमार्फत) झोन कार्यालयाला पत्र द्यावे. परवानगी येईपर्यंत चुना पावसात धुऊन जातो, म्हणून जुलै ते सप्टेंबर दर रविवारी सकाळी कोणी रेषा आखायची याची पाळी वहीच्या शेवटच्या पानावर लावून ठेवावी. आमच्याकडे ती पाळी सध्या शेवटच्या घरातल्या दोन शाळकरी मुलांनी घेतली आहे, आणि रेषेबाहेर आलेले चाक दिसले की तीच दोघे दार वाजवतात.