एमपीएससी मुख्य परीक्षेसाठी ऑब्सिडियनमधली टिपणं: लिहायची कशी आणि परत सापडायची कशी

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली. नऊ पेपर, गुणवत्तेत धरले जाणारे १७५० गुण आणि त्यावर मुलाखतीचे २७५. हा बदल नोट्स काढण्याच्या पद्धतीलाही लागू होतो, हे बऱ्याच नवीन मुलामुलींच्या उशिरा लक्षात येतं. चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखायचं असे तेव्हा पुस्तकातल्या ओळी अधोरेखित करून भागायचं. आता कोऱ्या कागदावर मुद्दा स्वतः मांडावा लागतो. म्हणून टिपणाची कसोटी एकच ठेवा: प्रश्न समोर आल्यावर ते दहा सेकंदांत सापडलं पाहिजे आणि त्यावरून उत्तराचा एक परिच्छेद लिहिता आला पाहिजे. ज्याचा परिच्छेद होत नाही, ती नुसती साठवण.

ॲप कोणतं घ्यावं यावर आठवडा घालवू नका. इथे ऑब्सिडियन हे टिपणं लिहिण्याचं ॲप धरून सांगतो, कारण ते मोफत आहे, नेट नसलेल्या अभ्यासिकेतही चालतं आणि प्रत्येक टिपण तुमच्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुराची मार्कडाउन फाइल म्हणून राहतं. उद्या ऑब्सिडियन काढून टाकलं तरी त्या फाइली नोटपॅडमध्ये उघडतील. कंपनीच्या सर्व्हरवर सगळा अभ्यास ठेवला की तिचे नियम बदलले तर आपली पंचाईत होते. एव्हरनोट या टिपणांच्या ॲपने डिसेंबर २०२३मध्ये मोफत खात्यावर ५० टिपणांची मर्यादा घातली. मुख्य परीक्षेच्या एका पेपरलाही ५० पुरत नाहीत.

पहिल्या दिवशी फोल्डर चारच करा: आवक (रोजच्या कच्च्या नोंदी), टिपणं, अभ्यासक्रम, जोडपत्रं (फोटो, आकृत्या). विषयाप्रमाणे फोल्डर करण्याचा मोह टाळा. ‘ग्रामसभा’ हे टिपण राज्यव्यवस्थेत ठेवायचं की ग्रामविकासात, या प्रश्नाला उत्तर नसतं. मग ते दोन्हीकडे ठेवलं जातं, दुरुस्ती एकाच प्रतीत होते आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जुनी प्रत वाचली जाते. बाहेरचे प्लगिन (ॲपला जोडायच्या जादा सोयी) पहिला महिनाभर घेऊ नका. ठिपक्यांचं आणि रेषांचं जाळं दाखवणारा ग्राफ दिसायला सुंदर असतो, पण त्यातून काय वाचायचं राहिलं ते कळत नाही.

राहिलेलं कळतं ते अभ्यासक्रमावरून. आयोगाने प्रसिद्ध केलेला अभ्यासक्रम जसाच्या तसा, आयोगाच्याच शब्दांत, ‘अभ्यासक्रम’ फोल्डरमध्ये उतरवा. सामान्य अध्ययनाच्या चार पेपरांची चार टिपणं, वैकल्पिक विषयाची दोन. अभ्यासक्रमाचा प्रत्येक घटक स्वतंत्र ओळीवर घ्या आणि त्याखाली संबंधित टिपणांचे दुवे देत चला. दुवा देण्यासाठी दुहेरी चौकटी कंसात टिपणाचं नाव लिहायचं, बस्स. नियम असा की कोणतंही नवीन टिपण अभ्यासक्रमाच्या किमान एका ओळीखाली लागल्याशिवाय पूर्ण झालं असं समजायचं नाही. कुठेच लागत नसेल तर ते कितीही रंजक असलं तरी परीक्षेपुरतं बाजूला ठेवा. दोन महिन्यांनी ही सहा पानं वरून खाली चाळली की कोणत्या ओळीखाली वीस दुवे आहेत आणि कोणती ओळ रिकामी आहे, ते लगेच दिसतं. रिकामी ओळ म्हणजे पुढच्या आठवड्याचा अभ्यास.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान यांच्या सुमारे ९० हजार चिठ्ठ्यांच्या पेटीचं उदाहरण या विषयात हमखास दिलं जातं. एकमेकींना जोडलेल्या लहान चिठ्ठ्या, ही त्यातली कल्पना जरूर घ्या. पण त्यांच्यासमोर अभ्यासक्रम नव्हता आणि परीक्षेची तारीखही नव्हती. त्यांची पद्धत आहे तशी उचलली की विचार चौफेर पसरतात आणि पेपर अपुरा राहतो.

आता एक टिपण जवळून पाहू. बहुतेकांचं शीर्षक असतं ‘पंचायत राज समित्या’ आणि खाली सहा समित्यांची यादी. यादी पाठ होते, पण उत्तरात तिचा उपयोग होत नाही. शीर्षक हे विधान असू द्या: ‘नाईक समितीने जिल्हा परिषदेला केंद्रस्थानी ठेवले’. खाली मजकूर साधारण असा:

‘बलवंतराय मेहता समितीने (१९५७) पंचायत समितीला मुख्य कार्यकारी घटक मानले व जिल्हा परिषदेला सल्ला आणि देखरेखीचे काम दिले. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीने (नेमणूक १९६०, अहवाल १९६१) जिल्हा परिषद सर्वांत बळकट असावी अशी शिफारस केली. त्यावरून जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ झाला. अंमल १ मे १९६२पासून. मर्यादा: जिल्हा बळकट झाला म्हणून गाव आपोआप बळकट होत नाही, ग्रामसभेचा प्रश्न वेगळा उरतो. पुढे पाहा: [[बोंगीरवार समिती]], [[पी. बी. पाटील समिती]], [[७३वी घटनादुरुस्ती]].’

शेवटी स्रोताची एक ओळ: पुस्तक, आवृत्ती, पान. शासन निर्णय असेल तर विभाग, तारीख आणि त्यावर छापलेला संकेतांक. संकेतांक असला की मूळ कागद शासनाच्या संकेतस्थळावर केव्हाही परत काढता येतो.

हे सगळं शंभराच्या आत-बाहेर शब्दांत बसतं. अडीचशे शब्दांच्या पुढे टिपण गेलं तर त्यात दोन मुद्दे शिरलेत असं समजा आणि ते तोडा. ‘मर्यादा’ किंवा ‘पण’ अशी एक ओळ प्रत्येक टिपणात हवीच. ‘चिकित्सक परीक्षण करा’ म्हणणाऱ्या प्रश्नाला तीच ओळ उपयोगी पडते, आणि ती क्लासच्या छापील नोट्समधून सहसा मिळत नाही, स्वतःलाच लिहावी लागते. टिपणाचं नाव बदलायचं झालं तर ऑब्सिडियनच्या आतूनच बदला. तिथे बदललं की सगळे दुवे सोबत बदलतात. फाइल मॅनेजरमधून बदललं की जुने दुवे तुटतात.

मराठी मजकूर शोधताना का सापडत नाही

इथे थोडं थांबायला हवं, कारण इंग्रजी व्हिडिओंतून पद्धत शिकलेल्यांना हा भाग कुणी सांगत नाही. ‘शेतकऱ्यांचे’ आणि ‘शेतकर्‍यांचे’ हे दोन शब्द डोळ्यांना सारखे दिसतात. संगणकाला ते वेगळे आहेत. पहिल्यात नुक्ता असलेला ‘ऱ’ आहे. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापाठोपाठ न दिसणारं जोडचिन्ह आहे. एका कीबोर्डवरून पहिला उमटतो, दुसऱ्यावरून दुसरा, आणि संकेतस्थळावरून उचललेल्या मजकुरात दोन्ही येतात. तुम्ही एक टाइप करून शोधलं तर दुसऱ्या रूपातली टिपणं यादीत येतच नाहीत, आणि माणूस समजतो की यावर आपण काही लिहिलेलंच नाही. उपाय दोन. लिहिताना ‘ऱ’ हेच रूप ठरवून घ्या. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की ते येतं. शोधताना शंका असेल तर शोधपेटीत तिरप्या रेषांमध्ये /शेतक..?.?या/ असं लिहा. इथे एक टिंब म्हणजे कोणतंही एक चिन्ह आणि प्रश्नचिन्ह म्हणजे त्याआधीचं चिन्ह असेल किंवा नसेल. दोन्ही रूपं सापडतात.

अशीच फसगत विसर्गाची. घाईत ‘निःशुल्क’ऐवजी कोलन वापरून ‘नि:शुल्क’ लिहिलं जातं. शोधात दोन्ही जुळत नाहीत, शिवाय विंडोजवर फाइलच्या नावात कोलन चालत नाही, त्यामुळे शीर्षकातच अडतं. अंकांचंही तेच: देवनागरी अंकांत लिहिलेलं १९६१ इंग्रजी अंकांनी शोधून मिळत नाही. कोणतेही एकच अंक निवडा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

शीर्षक किती लांब असावं यालाही मर्यादा आहे आणि ती मराठीला लवकर लागते. लिनक्स आणि अँड्रॉइडवर फाइलच्या नावाला साधारण २५५ बाइट मिळतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. ‘क्षि’ हे दिसायला एक अक्षर, पण त्यात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. जेमतेम ८४ चिन्हांत नाव संपतं. विंडोजची मोजणी वेगळी असल्याने लॅपटॉपवर लांबलचक शीर्षक निमूट स्वीकारलं जातं आणि फोनवर तीच फाइल पोहोचत नाही. सात-आठ शब्दांचं शीर्षक ठेवलं तर हा त्रास होत नाही. एकाच गोष्टीची दोन नावं असतील (‘पेसा’ आणि ‘अनुसूचित क्षेत्र पंचायत विस्तार कायदा’) तर दुसरं नाव टिपणाच्या ‘अलायसेस’ (पर्यायी नावं) या प्रॉपर्टीत, म्हणजे टिपणाच्या डोक्यावरच्या रकान्यात टाका.

जुन्या पीडीएफमधून मजकूर उचलला आणि रोमन अक्षरांचा कचरा चिकटला तर फाइल बिघडलेली नाही. ती युनिकोडपूर्व, म्हणजे सगळीकडे चालणारे आजचे अक्षरसंकेत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये आहे: त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. अशा पानाचं चित्र घेऊन गूगल लेन्सने मजकूर काढा, किंवा लॅपटॉपवर टेसरॅक्ट हे मोफत साधन वापरा, त्याला मराठी येतं. मात्र चित्रातून काढलेल्या मजकुरात ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, तसेच १ आणि ९ यांची अदलाबदल होऊ शकते. सालं आणि टक्केवारी मूळ पानाशी ताडूनच ठेवा. चुकीचं साल एकदा पाठ झालं की ते विसरणं फार अवघड.

पानांचे फोटो काढून तेच नोट्स म्हणून ठेवणं मात्र सोडा. फोटो शोधात येत नाही. अगदी तीनशे शब्दांचं मराठी टिपणही पाच-सहा केबीचं असतं, आणि चार एमबीच्या एका फोटोच्या जागेत अशी सुमारे सातशे टिपणं मावतात. पुस्तकातल्या पानाचा फोटो नकाशा किंवा आकृतीपुरताच ठेवा.

रोजची आवक

वर्तमानपत्र, पत्र सूचना कार्यालयाची मराठी निवेदनं, ‘योजना’, ‘लोकराज्य’ यांतलं जे वाटेल ते दिवसभर ‘आवक’मध्ये दोन ओळींत टाका. संध्याकाळी वीस मिनिटं बसून प्रत्येक नोंदीबद्दल एकच प्रश्न विचारा: हे आधीच्या कोणत्या टिपणात भर घालतं? पाचपैकी चार नोंदी जुन्या टिपणातलं एक वाक्य किंवा एक आकडा होतात. नवीन टिपण क्वचितच लागतं. सात दिवसांत हात न लागलेली नोंद पुसून टाका. टेलिग्रामवरून उतरवलेल्या पीडीएफ ‘आवक’मध्ये नकोतच. शंभर फाइली उतरवल्या की अभ्यास झाल्याचं समाधान मिळतं आणि वाचन मात्र शून्य.

आकड्यासोबत साल आणि स्रोत नसेल तर तो आकडा लिहूच नका. ‘महाराष्ट्राची साक्षरता ८२.३ टक्के’ ही अर्धी नोंद झाली, ‘जनगणना २०११’ जोडलं की पूर्ण. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सुमारास येते. तिच्यातले जे आकडे तुम्ही वापरता ते सगळे एकाच टिपणात ठेवा आणि बाकी टिपणांतून त्याकडे दुवा द्या. नवी पाहणी आली की एका जागी बदल करून काम होतं.

लॅपटॉप आणि फोन जोडण्यासाठी ऑब्सिडियनची स्वतःची सेवा सशुल्क आहे. अँड्रॉइडवर सिंकथिंग-फोर्क हे ॲप मोफत आहे, आयफोन आणि मॅक असेल तर आयक्लाउड. एका फोल्डरवर दोन सेवा कधीही लावू नका: त्या एकमेकींचे बदल परतवत राहतात. दोन्ही उपकरणांवर एकाच वेळी एकच टिपण बदललं तर सिंकथिंग नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असलेली दुसरी फाइल करतं. ती न वाचता पुसू नका, आजचा अर्धा तास त्यात असू शकतो. आणि सिंक (दोन्हीकडच्या फाइली सारख्या ठेवणं) म्हणजे बॅकअप (वेगळी राखलेली प्रत) नव्हे. फोनवर चुकून फोल्डर पुसला की काही क्षणांत तो लॅपटॉपवरूनही जातो. दर रविवारी सगळा फोल्डर झिप करून, नावात तारीख टाकून पेनड्राइव्हवर घ्या. दीड हजार टिपणंही दहा एमबीच्या आत बसतात, मिनिटभराचं काम आहे. महिन्यातून एकदा ती झिप दुसऱ्या ठिकाणी उघडून टिपणं खरोखर वाचता येतात का, ते पाहा.

शेवटचा भाग स्क्रीनबाहेरचा आहे. पेपर तीन तास पेनने लिहायचा असतो. आठवड्यातले दोन दिवस अभ्यासक्रमाची एक ओळ निवडा, तिच्याखालची टिपणं फक्त शीर्षकांवरून आठवा आणि लॅपटॉप बंद करून घड्याळ लावून कागदावर उत्तर लिहा. मग टिपण उघडा. जे आठवलं नाही ते टिपणात ठळक करा. जे आठवलं पण वाक्यात बसलं नाही, त्या टिपणातलं वाक्य बदला: बहुधा ते पुस्तकातून जसंच्या तसं उतरवलेलं असतं. लिहिलेल्या पूर्ण कागदाचा तारखेसह एक फोटो त्या अभ्यासक्रमाच्या ओळीखाली लावून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तोच प्रश्न लिहिताना मागच्या उत्तराशी ताडून पाहता येतं.