स्टॅक्ड फ्रेनेल लेन्सच्या पेटंटवर एफईआर आली की उत्तर कसं द्यायचं

एफईआर, म्हणजे पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी रिपोर्ट, हातात आला की आधी त्याच्यावरची तारीख बघा, बाकी सगळं नंतर. त्या तारखेपासून ६ महिन्यांत उत्तर गेलं पाहिजे. फारच अडचण असेल तर फॉर्म ४ भरून, फी देऊन आणखी ३ महिने मिळतात, मुदतीत उत्तर गेलं नाही तर मात्र तुम्ही अर्ज सोडून दिला असं कायदा धरतो आणि मग काम कितीही चांगलं असू दे, हातात काही राहत नाही. आणि फॉर्म ३, परदेशात कुठं अर्ज केलाय का त्याची माहिती, ती २०२४ च्या नव्या नियमांपासून एफईआरच्या तारखेनंतर ३ महिन्यांत परत द्यायची असते, उत्तराबरोबर देऊ म्हणून लई जण थांबतात आणि तिथंच चुकतात.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत बसून पेटंटचीच कामं करतो. एवढं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे उद्यमनगरात डायचं काम करणारे एक अण्णा. त्यांच्या पोरानं फौंड्रीतल्या कामगारांना ट्रेनिंग द्यायला डोक्यावर घालायचा डिस्प्ले बनवला, वितळलेलं लोखंड ओतायचं कसं ते भट्टीजवळ न जाता शिकता यावं म्हणून, आणि त्यात एका जाड भिंगाऐवजी दोन पातळ फ्रेनेल लेन्स (जाड भिंगाचा फुगवटा गोल गोल खाचांत मोडून केलेली सपाट शीट) एकावर एक ठेवल्या. एफईआर आली तेव्हा अण्णा कागद घेऊन आले आणि म्हणाले, "ओ दादा, ह्यात नवीन काय हाय असं विचारतंय ते. दोन भिंगं तर हायत, एकावर एक ठेवल्यात, मग आता सांगायचं काय?" प्रश्न एकदम बरोबर होता, अर्ज तपासणाऱ्या एक्झामिनरचाही आणि अण्णांचाही. (पुढचे आकडे उदाहरणासाठी बदललेत, त्यांची केस उघडी करायची नाही.)

याचं उत्तर एका वाक्यात धरून ठेवा. स्टॅक्ड लेन्सचं पेटंट भिंगात नसतं, दोन भिंगांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात असतं. फ्रेनेल लेन्स जुनी आहे, ऑगस्टिन फ्रेनेलची लेन्स फ्रान्समधल्या कोर्दुआन दीपगृहात १८२३ ला बसली. दोन फ्रेनेल जोडणं सुद्धा जुनंच. शाळा-कॉलेजात पूर्वी ओव्हरहेड प्रोजेक्टर असायचे, तसला एक मी भंगारवाल्याकडून आणून खोलला, तर वरच्या काचेखाली दोन फ्रेनेलच्या शीट, खाचा आतल्या बाजूला एकमेकींकडं तोंड करून, कडा चिकटवून टाकलेल्या, म्हणजे धूळ आत जायला नको. अण्णांना तो दाखवला तेव्हा ते जरा वेळ गप्पच बसले. मागून प्रोजेक्शन करणाऱ्या जुन्या टीव्हीच्या पडद्यातही फ्रेनेल शीटवर लेंटिक्युलर शीट असायची. हेडसेटमध्ये बघायला गेलं तर एचटीसी व्हाइव्ह आणि ऑक्युलस रिफ्ट २०१६ ला फ्रेनेल घेऊनच बाजारात आले, व्हॉल्व्ह इंडेक्स २०१९ ला दोन एलिमेंटची लेन्स घेऊन आला. त्यामुळं "दोन फ्रेनेल लेन्स असलेला डिस्प्ले" एवढाच क्लेम, म्हणजे अर्जात हक्क मागायचं वाक्य, असेल तर तो टिकत नाही, आणि टिकावा म्हणून भांडूही नका, वेळ जातो.

आता रिपोर्ट वाचायचा कसा. सुरुवातीला समरीचं टेबल असतं, कुठल्या क्लेमवर कुठला आक्षेप ते. मग डी१, डी२, डी३ अशी जुनी डॉक्युमेंट्स आणि त्यावरचा सविस्तर भाग. नॉव्हेल्टी (हे आधी कुठं नव्हतं ना) आणि इन्व्हेंटिव्ह स्टेप (जुन्यावरून हे सहज सुचण्यासारखं नाही ना) हे दोन आक्षेप वेगळे आहेत, एकाच परिच्छेदात दोन्हीचं उत्तर कोंबू नका. नॉव्हेल्टी जायला तुमच्या क्लेममधला प्रत्येक मुद्दा एकाच डॉक्युमेंटमध्ये असावा लागतो, एक जरी नसेल तर नॉव्हेल्टी शाबूत. इन्व्हेंटिव्ह स्टेपला मात्र एक्झामिनर डी१ आणि डी२ जोडू शकतो, आणि स्टॅक्ड लेन्सच्या केसमध्ये तो जोडतोच: डी१ मध्ये समोरासमोर दोन फ्रेनेल, डी२ मध्ये एक फ्रेनेल असलेला हेडसेट, दोन्ही एकत्र केलं की तुमचंच झालं, असं.

डी१ स्वतः उघडून वाचा. एस्पेसनेट, गुगल पेटंट्स फुकट आहेत, भारतातले अर्ज इनपासवर मिळतात. यातली डॉक्युमेंट्स बऱ्याचदा जपानी किंवा चिनी निघतात, मशीनचं भाषांतर "खाच" आणि "कडा" यांची पार अदलाबदल करून टाकतं, तेव्हा आधी आकृत्या बघा आणि खाचांचं तोंड कुठल्या बाजूला आहे, दोन्हीचा पिच, म्हणजे शेजारच्या दोन खाचांमधलं अंतर, सारखा दाखवलाय का, मधे हवा आहे का चिकटवलंय, एवढं पेन्सिलीनं लिहून काढा. शोध घेताना फ्रेनेलसाठी क्लास जी०२बी ३/०८ आणि डोक्यावरच्या डिस्प्लेसाठी जी०२बी २७/०१ टाका. हाच शोध अर्ज करायच्या आधी घेतला असता तर निम्मे आक्षेप आलेच नसते, पण ते आता पुढच्या अर्जाला.

पेटंट कायद्याच्या कलम ३(एफ) वर जरा थांबतो, कारण एकावर एक ठेवलेल्या कुठल्याही वस्तूवर हाच आक्षेप येतो. ओळखीच्या वस्तूंची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा एकाच्या दोन करणं, आणि त्यातली प्रत्येक वस्तू आपलं काम माहितीतल्या पद्धतीनं स्वतंत्रपणे करत असेल, तर तो शोध नाही असं कायदा म्हणतो. इथं "स्वतंत्रपणे" हा शब्द पकडायचा. वरची लेन्स काढली तर खालची तेच काम तसंच करते का? करत असेल तर आक्षेप बरोबर आहे. करत नसेल, म्हणजे एकीचा दोष दुसरी झाकत असेल, तर ते आकड्यानं दाखवायचं.

ते कसं दाखवायचं ते अण्णांच्या टेबलावर समजलं. पुस्तक वाचायच्या प्लास्टिकच्या दोन भिंग-शीट आणल्या, मोबाइलचा पांढरा स्क्रीन चालू केला आणि एकावर एक धरल्या. एक शीट अर्धा मिलिमीटर सरकली की स्क्रीनवर गडद पट्टे धावायला लागायचे, एकावर एक जाळी धरल्यावर दिसतात तसे, त्याला म्वारे म्हणतात. दोन्हीचे केंद्र जुळवले तरी पिच थोडा वेगळा असेल तर गोल गोल कड्या दिसतात. कड्यांमधलं अंतर काढायचा हिशोब सोपा आहे, दोन पिचचा गुणाकार भागिले त्यांची वजाबाकी. ०.३० आणि ०.३३ मिलिमीटर घेतले तर ०.०९९ भागिले ०.०३, म्हणजे ३.३ मिलिमीटरवर एक कडी, ती डोळ्याला दिसणारच. ०.३० आणि ०.४७ घेतले तर मुख्य कडी ०.८३ मिलिमीटरवर येते, आणि हेडसेटमध्ये डोळा लांबच्या चित्रावर फोकस असतो, डोळ्याची बाहुली ३-४ मिलिमीटरची, त्यामुळं लेन्सवरचं एवढं बारीक पुसट होऊन जातं. एक पिच दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट-तिप्पटही नको, मोल्डिंगमध्ये जरा इकडंतिकडं झालं की मोठ्या कड्या परत येतात. अण्णा म्हणाले पिच म्हणजे आट्यांचाच की, मी म्हटलं हो, तेच डोकं लावायचं इथं. हे पिचचं नातं नुसत्या एका लेन्समध्ये असूच शकत नाही, दोन असल्यावरच त्याला अर्थ आहे, आणि ३(एफ) ला यापेक्षा सरळ उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

दुसरं नातं ड्राफ्टचं. फौंड्रीत पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून बाजूंना ड्राफ्ट, म्हणजे थोडा तिरकेपणा, देतात हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. फ्रेनेलच्या खाचेची उभी भिंत पण तशीच थोडी तिरकी ठेवावी लागते, नाहीतर लेन्स डायमधून सुटत नाही. पण त्या तिरक्या भिंतीवर पडलेला उजेड चित्रात न जाता भलतीकडं फुटतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर बघितलं की त्याच्याभोवती किरण पसरल्यासारखे दिसतात. दुसऱ्या लेन्सच्या खाचा अशा बसवल्या की पहिलीतून येणारे किरण तिच्या उभ्या भिंतींना जवळजवळ समांतरच जातात, तर हा त्रास कमी होतो. हेही दोघींच्या मिळूनच होतं.

ताकदीचा हिशोबही द्या, नुसतं लेन्स पातळ होते म्हणू नका. प्रत्येकी ८० मिलिमीटर फोकल लेंग्थच्या दोन लेन्स ४ मिलिमीटर अंतरावर ठेवल्या तर मिळून साधारण ४१ मिलिमीटर येते, म्हणजे स्क्रीन लेन्सच्या तेवढी जवळ आणता येते आणि प्रत्येक लेन्सच्या खाचा कमी उताराच्या ठेवता येतात. तोटाही लपवू नका. अॅक्रिलिकच्या प्रत्येक पृष्ठभागावर जवळपास ४ टक्के उजेड परत फिरतो, दोन लेन्सचे चार पृष्ठभाग धरले तर १४-१५ टक्के गेला. तो तोटा सोसूनही फायदा का उरतो हे लिहिलं की अर्जावर निर्णय देणाऱ्या कंट्रोलरला तुमच्या म्हणण्यावर विश्वास बसतो, असा माझा अनुभव आहे.

मग क्लेम दुरुस्त करायचा. कलम ५९ सांगतं की दुरुस्ती फक्त काही भाग सोडून देण्यासाठी, चूक सुधारण्यासाठी किंवा स्पष्ट करण्यासाठी करता येते, मूळ स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या सविस्तर वर्णनात, नव्हतं ते आता घुसवता येत नाही आणि नवा क्लेम जुन्या क्लेमच्या आतच बसला पाहिजे. इथं माझी स्वतःची एक केस गेलीय, ते सांगायलाच पाहिजे. सुरुवातीच्या काळात एका ऑप्टिक्सच्याच अर्जात मी "दोन लेन्स योग्य अंतरावर ठेवलेल्या" असं लिहिलं होतं, आकडा कुठंच नाही, ना वर्णनात ना आकृतीत. आक्षेप आला की योग्य म्हणजे किती, क्लेम स्पष्ट नाही, आणि आमच्याकडं आकडा वहीत होता पण अर्जात नव्हता. तो नंतर टाकता आला नाही. त्या माणसाची दोन वर्षांची मेहनत होती, मला अजून त्याचं वाईट वाटतं. म्हणून अर्ज लिहितानाच अंतर २ ते ८ मिलिमीटर, त्यातही ३ ते ५, त्यातही ४ अशा उतरत्या पायऱ्या वर्णनात लिहून ठेवा, पिचच्या गुणोत्तराच्या तशाच, खाचांच्या दिशेच्या तशाच. एफईआर आली की एक एक पायरी उतरता येते.

अण्णांच्या पोरानं हे लिहून ठेवलं होतं, त्यामुळं पहिल्या क्लेममध्ये तीन गोष्टी आणता आल्या: खाचा एकमेकींकडं तोंड करून, पिचचं गुणोत्तर अमुक ते अमुक, आणि मधलं अंतर. "साधारण", "पातळ", "चांगल्या दर्जाचा" असले शब्द सगळे काढले. सॉफ्टवेअरनं चित्राचा बाक सरळ करायचा एक क्लेम होता, त्यावर ३(के) आला होता, कॉम्प्युटर प्रोग्रॅम म्हणून. तो वेगळा ठेवण्याऐवजी लेन्सच्या रचनेलाच जोडून घेतला.

इन्व्हेंटिव्ह स्टेपचं उत्तर लिहिताना कलम २(१)(जेए) मधले शब्द समोर ठेवा, आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही, आणि त्यामुळं त्या विषयातल्या माणसाला ती सहज सुचणार नाही असं. डी१ मधला प्रोजेक्टर दिव्याचा उजेड गोळा करत होता, त्या शीटमधून थेट डोळा लावून कुणी चित्र बघत नव्हतं, म्हणून पिच वेगळा करायची गरजच तिथं कुणाला पडली नाही, आणि डी२ मध्ये एकच लेन्स असल्यानं दोन पिचचा प्रश्नच नाही, मग दोन्ही समोर ठेवून बसलेल्या माणसाला हे गुणोत्तर सुचायला कारण काय? एक्झामिनरनं ते कारण दिलेलं नसेल तर तसं नम्रपणे लिहा. दिल्ली हायकोर्टानं २०२२ च्या अॅग्रीबोर्ड केसमध्ये सांगितलंय की इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही म्हणून अर्ज नाकारताना जुनं ज्ञान काय, नवं काय आणि जुन्यावरून नवं कसं सहज सुचतं, हे तिन्ही कंट्रोलरनं बघायला पाहिजे. सोबत फोटो जोडा: तोच स्क्रीन, तेवढंच अंतर, फक्त पिच बदललेला. असा पुरावा नंतर देता येतो, कारण तो स्पेसिफिकेशनमध्ये घालायचा नसतो.

एवढ्यावरही समाधान झालं नाही तर हिअरिंग लागतं. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई ऑफिसकडं असले तरी हिअरिंग व्हिडिओवर होतं, रात्रीची गाडी पकडायची गरज नाही. पोराला शेजारी बसवा, कारण लेन्सचं त्याच्याइतकं चांगलं कुणी सांगू शकत नाही, पण बोलायचं काय ते आधी ठरवा, कारण तोंडातून "हे तसं सोपंच आहे" निघालं तर ते परत घेता येत नाही. त्या दोन भिंग-शीट आणि मोबाइल टेबलावर तयार ठेवा, कॅमेऱ्यासमोर एक शीट सरकवून पट्टे दाखवा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. हिअरिंग झाल्यापासून १५ दिवसांत लेखी म्हणणं अपलोड करायचं, त्यात बोललेलं सगळं यायला पाहिजे, आणि क्लेमच्या दोन कॉपी जोडायच्या, एक बदल मार्क केलेली आणि एक स्वच्छ.